सहा वर्षांचा दुपारचा डेटा आणि पहाटे मेलेले मासे

हे प्रकरण आमच्या झूलॉजीच्या मॅडमचं आहे, त्यांना विचारून लिहितेय. नाव, कॉलेज, गाव, बंधारा यातलं काहीच देत नाही आणि साल पण मोघमच ठेवलंय, कारण त्या पट्ट्यात सगळे एकमेकांना ओळखतात. जिल्हा मात्र सांगली आणि नदी कृष्णाच. मी त्यांची एमएस्सीची विद्यार्थिनी, यातल्या बऱ्याच गोष्टी डोळ्यांनी बघितल्यात, आणि ज्या रात्रीचं पुढं सांगणार आहे त्या रात्री बाटल्या माझ्याच हातात होत्या. झूलॉजी केलेली पोरं मला सारखी विचारतात की फिश इकॉलॉजीत करिअर होतं का, फिजिओलॉजी (माशाचं शरीर कसं चालतं) घेऊ का इकॉलॉजी (मासा आणि त्याच्या भोवतीचं पाणी) घेऊ, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढलं.

पार्श्वभूमी

मॅडम मूळच्या पलूसकडच्या, घरचा ऊस. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की ओढ्याला चढणीचे मासे यायचे आणि पोरं बुट्ट्या घेऊन पळायची, त्यात या पुढं असायच्या. मासे पाण्याच्या उलट दिशेनं का चढतात, दमत कसे नाहीत, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात, असं त्या सांगतात आणि मला ते खरं वाटतं, कारण त्यांचं अख्खं काम बघितलं तर ते या दमण्याच्या प्रश्नाभोवतीच फिरतंय.

बीएस्सी सांगलीत, एमएस्सी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात, पीएचडी राज्याबाहेर. विषय होता रोहूच्या बोटुकलीची म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांची उष्णता सोसायची मर्यादा. म्हणजे टाकीतल्या पाण्याचं तापमान मिनिटाला साधारण ०.३ अंशानं चढवत न्यायचं आणि मासा तोल जाऊन आडवा कधी होतो ते तापमान लिहायचं, आडवा झाला की लगेच थंड पाण्यात सोडायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण मासा आधी किती दिवस कुठल्या तापमानाला ठेवला होता त्यावर आकडा बदलतो, त्यामुळं महिना महिना टाक्या सांभाळत बसायला लागतं.

हा विषय शोभेचा आहे असं कुणी म्हणालं की मॅडम हीरालाल चौधुरींचं उदाहरण देतात. १० जुलै १९५७ ला ओडिशात अंगुलला त्यांनी पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची तळ्यात वीण घडवून आणली. त्याआधी मत्स्यबीज नदीतून गोळा करायला लागायचं. आज आपल्याकडं शेततळ्यात जी रोहू-कटल्याची बोटुकली सोडतात ती बहुतेक त्या एका फिजिओलॉजीच्या कामातून आलेली आहे, आणि १० जुलै म्हणूनच राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन.

पीएचडीनंतर दोन वर्षं परदेशात पोस्टडॉक. तिथं रेस्पिरोमीटरवर काम, म्हणजे मासा बंद नळीत ठेवून तो किती ऑक्सिजन ओढतो ते मोजायचं. पुढची दोन वर्षं पण मिळत होती. तेवढ्यात वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मॅडम परत आल्या. चार वर्षं तासिका तत्त्वावर काढली, मग कायम झाल्या.

कॉलेजला लॅब म्हणजे दोन काचेच्या टाक्या, फॉर्मॅलिनच्या बरण्या आणि दिवसातनं दोनदा जाणारी लाईट. लाईट गेली की पंप बंद, पंप बंद की मासे वर येऊन तोंड उघडझाप करणार. उष्णतेचे प्रयोग तिथं होणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी नदी धरली. भिलवडीपासून हरिपूरच्या संगमापर्यंत पाच ठिकाणं ठरवली आणि महिन्यातून एकदा प्रत्येक ठिकाणी पाण्याचं तापमान, विरघळलेला ऑक्सिजन म्हणजे डीओ, पीएच आणि जाळ्यात आलेल्या माशांची यादी असं सुरू केलं.

इथंच एक गोष्ट ठरून गेली आणि ती कुणी ठरवली असं म्हणता येत नाही. कॉलेज सकाळचं, साडेसात ते साडेदहा लेक्चर. ते संपवून एसटी धरली की पहिल्या ठिकाणावर अकरा, शेवटच्यावर दोन. सहा वर्षं सगळी मोजणी अकरा ते दोन या वेळात झाली.

मध्ये ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमची लॅब तळमजल्याला. डीओ मीटर, वजनकाटा, टाक्या सगळं गाळात. डेटा वाचला तो केवळ एका सीनिअर ताईनं सगळं एक्सेलमध्ये टाईप करून ठेवलेलं होतं म्हणून. मीटर परत घ्यायला पैसे नव्हते, मग मॅडमनी जुनी विंकलर पद्धत काढली, बाटलीत पाणी, त्यात रसायनं आणि मग टायट्रेशन, म्हणजे थेंबथेंब दुसरं रसायन घालून आकडा काढायचा. १८८८ सालची पद्धत आहे पण आकडा पक्का देते आणि खर्च नगण्य. मीटर गेला याचं आम्हाला तेव्हा फार वाईट वाटलेलं. पुढं बाटलीनं जे दाखवलं ते मीटरच्या आकड्यानं तसं दाखवलं नसतं, पण ते नंतर.

अडचण

उन्हाळा होता. बंधाऱ्याला बरगे म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या घातलेल्या, पाणी अडवलेलं, प्रवाह जवळजवळ नाहीच, कडेला जलपर्णी आणि मधल्या पाण्याला हिरवट रंग. एके दिवशी सकाळी साडेसहाला मॅडमना मामांचा फोन आला. मामा म्हणजे आमच्या तिसऱ्या ठिकाणचे मच्छीमार, साठीच्या पुढचे, त्यांच्याच जाळ्यातले मासे आम्ही मोजायचो. एवढंच म्हणाले, "मॅडम, या. समदं वर आलंय."

त्या दिवशी मॅडमना परीक्षेची ड्युटी होती. सुटी मागितली पण मिळाली नाही, ऐनवेळी बदली माणूस नाही म्हणाले. आम्ही पोहोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. काठाला पांढऱ्या पोटांचा पट्टा लागलेला, कटला, रोहू, शिंगाळा, काही कटले तर मला दोन्ही हातांनी उचलले नसते एवढे. वास सुटायला लागलेला. माणसं जमलेली, दोन पत्रकार, आणि एका सरकारी कार्यालयाचे लोक नमुने घेऊन नुकतेच निघालेले.

मॅडमनी पाण्यात उतरून बाटली भरली, रसायनं घातली, आणि तळाशी दाट तपकिरी साका बसला. विंकलरमध्ये तपकिरी म्हणजे ऑक्सिजन आहे. टायट्रेशन केल्यावर आकडा लिटरला ५ मिलिग्रॅमच्या बराच वर आला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अंघोळीच्या पाण्याचा निकषच डीओ किमान ५ असा आहे, म्हणजे कागदावर पाणी ठीक. नंतर कळलं की त्या कार्यालयाच्या नमुन्यातही डीओ ठीकच निघाला.

गावातला एक पोरगा तिथं सगळ्यांसमोर मॅडमना म्हणाला, पाणी चांगलं आहे म्हणता तर मासे काय जीव द्यायला वर आले का. मॅडम काहीच बोलल्या नाहीत. मला राग आला होता, पण आता वाटतं की प्रश्न अगदी बरोबर होता.

मग मामांनी जे सांगितलं ते मी तिथंच वहीत लिहून घेतलं. "एकबी मरळ मेली न्हाई बघा. वाम बी मला दिसली न्हाई. आन आदी मोठं मोठं वर आलं, पहाटं चारला मी जाळं काढाय आलो तवाच तोंड काढून हुतं. बारकी नंतर."

हे ऐकल्यावर मॅडम काठावरच खाली बसल्या. मला तेव्हा काही कळलं नव्हतं. परत येताना एसटीत त्यांनी समजावून सांगितलं.

पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी, हवेच्या मानानं साधारण तीसपट कमी, आणि पाणी तापलं की तो अजून कमी होतो. २० अंशाला पाण्यात मावतो साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. माशाचं शरीर मात्र उलटं चालतं, पाणी १० अंशानं तापलं की त्याची ऑक्सिजनची गरज ढोबळमानानं दुप्पट होते. म्हणजे उन्हाळ्यात मिळकत कमी आणि खर्च दुप्पट. आता त्यात हिरवं पाणी. शेवाळ दिवसा ऊन खाऊन ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच शेवाळ, गाळातले जिवाणू आणि मासे सगळे मिळून तो संपवतात. त्यामुळं डीओ सगळ्यात कमी असतो सूर्य उगवायच्या आधी. पाण्यात मळी, सांडपाणी असलं काही सेंद्रिय आलेलं असलं की तो अजून लवकर संपतो. दुपारपर्यंत ऊन चढलं की परत भरून येतो, आणि आम्ही पोचतो दुपारी.

मरळ का मेली नाही, तर तिच्या कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते, ती वर येऊन सरळ हवेतला श्वास घेते. वामेलाही थोडंफार जमतं. पाण्यात विष असतं तर मरळ सुटली नसती. आणि ऑक्सिजन कमी पडला की सहसा मोठे मासे आधी जातात, विष असलं की बहुतेक बारके आधी. मामांनी चार वाक्यांत जवळजवळ पूर्ण तपास सांगितला होता.

पण मॅडमना खरा धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. सहा वर्षांच्या डेटावर त्यांचा पेपर तयार होता, पाठवायचाच बाकी होता, आणि त्याचा निष्कर्ष असा की ऑक्सिजनच्या बाबतीत हा पट्टा माशांना योग्य आहे. सगळे आकडे खरे, टायट्रेशनमध्ये चूक नाही, पण सगळे दुपारचे. ज्या वेळी माशाचा जीव टांगणीला लागतो त्या वेळचा एकही आकडा नाही. आणि हे दुसऱ्या कुणाचं झालं असतं तर समजलं असतं, पण माशाची सोसायची मर्यादा आणि श्वास मोजण्यात ज्यांची पीएचडी आणि पोस्टडॉक त्यांच्याकडून हे झालेलं.

पर्याय काय होते

पहिला, पेपर आहे तसा पाठवणं. प्रमोशनची फाईल त्या पेपरवर अडलेली होती, आणि खरं सांगायचं तर परीक्षकांनी वेळेचा मुद्दा काढलाच असता असं नाही, कारण आपल्याकडचे नदीच्या पाण्यावरचे पुष्कळ पेपर दिवसाच्याच मोजणीवर असतात. घरचे, डिपार्टमेंटचे, मी पण, सगळे म्हणत होतो पाठवा.

दुसरा, पत्रकारांना कारण सांगून टाकणं. दबाव मोठा होता. सगळ्यांना एक नाव हवं होतं, कारखान्याचं नाहीतर गावाचं. मॅडमना शंका होतीच की वरून काहीतरी सेंद्रिय आलेलं असणार. पण त्या पहाटेचा नमुना कुणाकडंच नव्हता, आणि अडलेलं पाणी, उष्मा आणि शेवाळ एवढ्यानंही असं होऊ शकतं.

तिसरा, नदीच सोडणं. त्याच महिन्यात एका ओळखीच्या सरांनी कोयनेच्या बाजूला महसीरवर एकत्र प्रोजेक्ट करू म्हणून विचारलं होतं. महसीर म्हणजे प्रतिष्ठेचा मासा, टाटा पॉवरनं लोणावळ्याला १९७० च्या दशकापासून त्याचं बीज तयार केलंय, त्याला निधी मिळतो, फोटो चांगले येतात. मॅडमना मोह झाला होता, त्यांनीच कबूल केलं. चिलापी (तिलापिया) आणि कटल्यावर काम करणाऱ्याला कोण विचारतो.

चौथा, पहिल्यापासून परत सुरू करणं, यावेळी चोवीस तासांची मोजणी, आणि जोडीला माशाला किती ऑक्सिजन लागतो याचे प्रयोग कॉलेजात कसेही करून उभे करणं. यात पेपर किमान दोन वर्षं पुढं जाणार, रात्री नदीवर थांबायला लागणार, आणि डिपार्टमेंटला आम्ही सगळ्या मुली.

मॅडमनी आठ दिवस घेतले. त्या आठ दिवसांत त्यांनी फ्रायची जुनी मांडणी परत वाचली. फ्राय हे टोरांटोचे शास्त्रज्ञ, त्यांनी १९४७ ला माशाभोवतालच्या गोष्टींची, त्या माशावर काय परिणाम करतात त्यावरून, विभागणी केली. तापमान हे शरीराचा वेग ठरवतं, ऑक्सिजन हा त्या वेगाला मर्यादा घालतो, आणि या दोन्हींच्या मध्ये माशाकडं जगायला जेवढी जागा उरते ती त्याची खरी ताकद. हे त्या आम्हाला दर वर्षी फळ्यावर शिकवायच्या. माझ्या मते निर्णय इथंच झाला. त्या म्हणाल्या, मी लॅबमध्ये असताना नदी विसरले आणि नदीवर आल्यावर मासा विसरले.

काय केलं

पहिलं म्हणजे पेपर थांबवला. प्राचार्यांना लेखी कळवलं की तो आत्ता पाठवत नाही आणि का नाही. हे मला आजही अवघड वाटतं. कुणी विचारलेलं नसताना स्वतःच्या कामातली फट स्वतः लिहून द्यायची.

पत्रकारांना मॅडमनी एकच गोष्ट सांगितली, की कुठले मासे मेले आणि कुठले नाही यावरून ऑक्सिजन संपल्यासारखं दिसतंय, तो कशानं संपला ते सांगायला पहाटेचे नमुने लागतात आणि ते नाहीत. छापून आलं ते अर्धंच. गावात काही लोक नाराज झाले, मॅडम कुणाला तरी घाबरल्या असं बोललं गेलं.

मग रात्रीची मोजणी. कॉलेज म्हणालं मुली रात्री नदीवर नकोत, आणि पालकही तेच म्हणाले, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मार्ग मामींनी काढला. त्यांचं घर काठापासून पन्नास पावलांवर, त्या म्हणाल्या पोरी माझ्याकडं झोपतील, दर दोन तासांनी मी उठवते. मॅडम स्वतः थांबणार आणि मामा होडीवर. एवढ्यावर परवानगी मिळाली.

पहिली रात्र मला तशीच्या तशी आठवते. दुपारी चारपासून दर दोन तासांनी बाटली भरायची, ३०० मिलीची, काचेच्या बुचाची, हवेचा एक बुडबुडा आत राहता कामा नये. त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलाईन आयोडाईड घालायचं, बूच लावायचं आणि बाटली उलटीसुलटी हलवायची. आत जो साका धरतो तो ऑक्सिजन असला की तपकिरी होतो आणि नसला तर पांढरा राहतो. चार वाजता दाट तपकिरी. आठला तपकिरी. मध्यरात्री फिका, दुधाच्या चहासारखा. दोन वाजता अजून फिका. पहाटे चारला मामांनी होडीतनं बाटली वर दिली, मी मोबाईलच्या टॉर्चखाली रसायनं घातली, हलवली आणि वाट बघत राहिले. साका खाली बसला तो जवळजवळ पांढरा. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. दुसरी बाटली भरली. ती पण पांढरी. मॅडमनी ती हातात घेतली, कितीतरी वेळ टॉर्चपुढं धरून बसल्या, आणि पाण्याकडं बोट केलं. काठाजवळ कटल्याची पिल्लं पृष्ठभागाला तोंड लावून उघडझाप करत होती. वरचा अगदी पातळ थर हवेला लागून असतो, तिथं थोडा ऑक्सिजन उतरतो, तेवढ्यावर ती तग धरून होती. मामा म्हणाले असं तर आम्ही दर उन्हाळ्याला बघतो, तुम्ही कधी इचारलं न्हाई.

त्या रात्री मासे मेले नाहीत. म्हणजे नदी तिथं उन्हाळ्यात काही रात्री अशी कडेलाच असते आणि थोडं अजून काही झालं की जाते. सहा वर्षांच्या दुपारच्या डेटात हे कुठंच नव्हतं.

दुसऱ्या बाजूला रेस्पिरोमीटर. विकत घ्यायचा तर आमच्या सगळ्या फंडात बसत नव्हता. मॅडमनी हवाबंद बरणी, मत्स्यालयाच्या दुकानातले दोन छोटे पंप आणि टायमर आणून बनवला, ऑक्सिजन मोजायचा प्रोब कोल्हापूरहून उसना आणला. एक पंप आतलं पाणी फिरवतो, दुसरा ठराविक वेळानं ताजं पाणी आत ढकलतो, मधल्या बंद वेळात ऑक्सिजन किती उतरला ते लिहायचं. लाईटीसाठी इन्व्हर्टर, तो मॅडमच्या घरचा. प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या नीतिमत्ता समितीची परवानगी आधी घेतली, त्यात आठ महिने गेले, पण घेतल्याशिवाय एकही मासा बरणीत घातला नाही. रोहू आणि चिलापीची बोटुकली, दोन तापमानांना. बघायचं एवढंच होतं की ऑक्सिजन उतरत गेला तर मासा कुठपर्यंत आपला श्वासाचा वेग टिकवतो आणि कुठून पुढं त्याला ते जमत नाही.

निष्पन्न

मासे कशानं मेले हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. मॅडमच्या अहवालात पहाटे ऑक्सिजन संपल्यानं मेल्याची शक्यता जास्त एवढंच आहे, जबाबदार कोण ते नाही. ज्यांना नाव हवं होतं त्यांना हा अहवाल उपयोगाचा वाटला नाही आणि त्यांची बाजू मला समजते, कारण नुकसान मामांसारख्यांचं झालं होतं, त्या महिन्यात त्यांच्या जाळ्याला काही नव्हतं.

पेपर अडीच वर्षांनी गेला. जुना सहा वर्षांचा डेटा त्यात आहे, पण प्रत्येक तक्त्यावर मोजणीची वेळ लिहिलेली आणि त्यावरून काय म्हणता येत नाही तेही लिहिलेलं. सोबत चोवीस तासांच्या मोजण्या आणि बरणीतल्या प्रयोगांचे आकडे. रोहू अपेक्षेप्रमाणं आधी हरला, चिलापी बरीच खालपर्यंत टिकली. मामांच्या जाळ्यात गेल्या काही वर्षांत चिलापी वाढत का गेली याचं निदान एक कारण हातात आलं. प्रमोशन तेवढंच उशिरा झालं, त्याचा पगारातला फरक मॅडमनी सोसला, त्याबद्दल त्या बोलत नाहीत.

गावात आता तीन घरांतले लोक एप्रिल-मेमध्ये पहाटेची बाटली भरतात. त्यांना टायट्रेशन करायला लागत नाही, रसायनं घालून साक्याचा फोटो काढला की झालं. रंगावरून पक्का आकडा येत नाही, पण पांढरा दिसला की पाटबंधारेवाल्यांना फोन जातो आणि दोन वेळा तरी बरगे काढून पाणी हललं, हे मी स्वतः बघितलंय.

परत करायचं झालं तर

मॅडमना मी हे मुद्दाम विचारलं. त्या पहिल्यांदा म्हणाल्या, ठिकाणं ठरवायच्या आधी मामांना विचारलं असतं. सहा वर्षं त्यांच्या जाळ्यातले मासे मोजले आणि पहाटे काय दिसतं ते एकदाही विचारलं नाही. वेळापत्रक एसटीचं होतं, त्याला पर्याय नव्हता असं त्यांना तेव्हा वाटायचं, पण वर्षातून दोन रात्री काढणं जमलं असतं, आणि दोन रात्रींत सगळं दिसलं असतं.

त्या दिवशीची परीक्षेची ड्युटी सोडून जायला हवं होतं का, यावर आमचं एकमत नाही. मला वाटतं जायला हवं होतं, झाली असती ती कारवाई झाली असती. मॅडम म्हणतात साडेसातला पोचले असते तरी ऊन वर आलं होतं, खरी चूक आधीची होती, मामांच्या घरी चार बाटल्या आणि रसायनं ठेवलेली असती तर त्यांनीच चारला नमुना धरला असता. आता ती पेटी तिथं कायम असते.

मेलेल्या माशांचं काम मात्र आम्ही नक्की चुकवलं. ताजे मेलेले चार-पाच बर्फात आणि कल्ले फॉर्मॅलिनमध्ये ठेवायला हवे होते, म्हणजे विषाची शक्यता तपासून बाजूला टाकता आली असती. गर्दीत सुचलं नाही. शिवाय पहाटेचं एवढं लागलंय म्हणून दुपार सोडून पण चालत नाही, हिरव्या पाण्यात दुपारी पीएच चढतो आणि पाण्यात अमोनिया असला तर तो तेव्हा जास्त मारक होतो. पहिल्या वर्षी आम्ही उत्साहात दुपारच्या मोजण्या कमी केल्या, तीही एक फट राहिलीच.

महसीरचं प्रोजेक्ट नाकारल्याचं वाईट वाटतं का, असं विचारल्यावर मॅडम जरा थांबल्या आणि म्हणाल्या, वाटतं, कधीकधी. मग त्यांनी पुढच्या पावसाळ्याचं सांगायला सुरुवात केली. चढणीच्या माशांवर काम करायचंय, पहिल्या पुराच्या गढूळ पाण्यात उलट चढताना मासा किती ऑक्सिजन खर्च करतो ते बघायचंय. त्यासाठी पाणी वाहतं ठेवणारी लांब नळी लागते. ती पीव्हीसीची करता येईल का म्हणून आम्ही गेल्या रविवारी मिरजेला एका प्लंबिंगच्या दुकानात दोन तास काढले, आणि मामा सोबत होते, कारण कुठल्या ओढ्याला कुठला मासा आधी चढतो ते यावेळी पहिल्यांदा त्यांना विचारलंय.